नस म्हणजे नळी नव्हे: आईच्या पायांतील मुंग्यांविषयी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझ्या आईचे वय 61 आहे आणि ती 12 वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेते. गेल्या वर्षभरापासून तिच्या दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते आणि अलीकडे पायातली चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की तिच्या नसा बंद पडल्या आहेत, त्या मालिशच्या एका शिबिरात मोकळ्या करून मिळतात आणि तोवर मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवावेत. भाऊ म्हणतो, बी-12 ची इंजेक्शने घेऊन टाकू. आमचे माहेर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागेचे. फवारणी चालू असताना आई पूर्वी बागेत असायची, त्याचा हा परिणाम असेल का? शिवाय तिने यंदा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी अनवाणी करण्याचा नवस केला आहे. तिला अडवावे का? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात विचार करत बसण्यासारखे काही नाही: चप्पल निसटलेली ज्यांना कळत नाही, त्यांनी अनवाणी फेरी करू नये. ब्रह्मगिरीची लहान फेरीसुद्धा सुमारे 20 किलोमीटरची आहे, श्रावणात ती वाट चिखलाची आणि खडीची असते, आणि पुष्कळ जण अंधारातच चालू लागतात. परंतु 'डॉक्टर नको म्हणतात' एवढ्या बळावर नवस केलेल्या आईला थांबवता येत नाही, हे मी स्वतःच्या घरात पाहिलेले आहे. आपल्या पायांत नेमके काय घडते आहे हे त्यांना उमगले, तर कदाचित त्या स्वतःच आपला बेत बदलतील. म्हणून पुढचे थोडे विस्ताराने लिहीत आहे आणि ते त्यांना वाचून दाखवावे अशी विनंती आहे.

तुमच्या घरातील साऱ्या गोंधळाच्या मुळाशी 'नस' हा शब्द आहे. मनगटावर दिसणाऱ्या निळसर रक्तवाहिनीला आपण नस म्हणतो, मान अवघडली तर 'नस धरली' म्हणतो, पोटरीत गोळा आला तर 'नस चढली' म्हणतो (वास्तविक तेथे स्नायू आखडलेला असतो), आणि डॉक्टर ज्याला मज्जातंतू म्हणतात त्यालाही नसच म्हणतो. रक्तवाहिनी ही खरोखरीच नळी असते. ती तुंबू शकते आणि क्वचित मोकळीही करता येते. मज्जातंतू पोकळ नसतो. तो हजारो बारीक तंतूंचा एकत्र बांधलेला जुडगा असतो, आणि त्यातला एकेक तंतू हा एकेका जिवंत पेशीचा लांबवर गेलेला भाग असतो. म्हणून मज्जातंतू 'बंद पडून' पुन्हा 'उघडत' नाही. तो आजारी पडतो, वाळतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर अतिशय सावकाश पुन्हा वाढतो.

काकूंना हसू नये. दुसऱ्या शतकातील रोमन साम्राज्यातला नामांकित वैद्य गॅलेन याचीही समजूत हीच होती की मज्जातंतू पोकळ असून त्यांतून प्राणतत्त्व वाहते, आणि युरोपातील वैद्यांनी ती सुमारे 1500 वर्षे उराशी धरली. पुढे इटलीतील गॅल्व्हानी यांनी विजेच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय उडतो हे दाखवून 1791 मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा त्या समजुतीला मोठा तडा गेला. त्यानंतरही हे तंतू म्हणजे एकमेकांत मिसळलेले अखंड जाळे आहे की सुट्या पेशी आहेत, हा वाद शिल्लक होता. इटलीतीलच शास्त्रज्ञ गोल्जी यांनी 1873 मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूतल्या मोजक्याच पेशी काळ्या रंगवण्याची युक्ती काढली, आणि 1888 पासून स्पेनमधील काहाल यांनी तीच युक्ती वापरून प्रत्येक चेतापेशी वेगळी असल्याचे दाखवले. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. गोल्जी यांनी मात्र त्या वेळच्या व्याख्यानातही काहाल यांचे मत खोडून काढण्याचाच प्रयत्न केला.

आता पेशीकडे वळू. शाळेच्या पुस्तकातली चेतापेशीची आकृती तुम्हाला आठवत असेल: एक पेशीकाय, त्याभोवती फांद्यांसारख्या आखूड वृक्षिका, आणि एका बाजूने निघालेला लांब अक्षतंतू. वृक्षिका निरोप घेतात, पेशीकाय पेशीला जगवते, अक्षतंतू निरोप पुढे नेतो. आकृती बरोबरच आहे, फक्त पानावर मावावी म्हणून अक्षतंतू तोडून काढलेला असतो, आणि आपल्याला जे समजून घ्यायचे आहे ते नेमके त्या न काढलेल्या लांबीत आहे. शिवाय तळव्याची संवेदना नेणारी पेशी आकृतीहून थोडी निराळी असते. तिचे पेशीकाय पायात नसतेच. ते कमरेपाशी, कण्याच्या लगत एका लहानशा गाठीत बसलेले असते. तेथून निघालेल्या देठाचे लगेच दोन फाटे होतात, एक खाली पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि दुसरा मेरुरज्जूत शिरतो.

तिचे प्रमाण लक्षात यावे म्हणून तुमच्या माहेरचेच माप घेऊ. पेशीकाय मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान असते आणि अंगठ्याकडे जाणारा फाटा जवळजवळ 1 मीटर लांब. हे पेशीकाय द्राक्षाच्या मण्याएवढे मोठे झाले असे समजा. मग त्या एका मण्यातून निघालेला दोरा सुतळीइतका किंवा त्याहूनही बारीक असेल आणि त्याची लांबी सुमारे 400 मीटर भरेल. इतक्या लांब दोऱ्याला लागणारी प्रथिने, दुरुस्तीचे साहित्य, टोकाला हवे असलेले जवळपास सगळे काही त्या मण्यातच तयार होते आणि तेथून टोकापर्यंत वाहून न्यावे लागते. तंतूच्या आत सूक्ष्म रूळ असतात, त्यांवरून ही ने-आण चालते. त्यातला जलद माल दिवसाला सुमारे 400 मिलिमीटर जातो, म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत पोहोचायला त्याला अडीच दिवस लागतात. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिने तर दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर एवढीच सरकतात.

बागेत ठिबकची लाइन फार लांब टाकली आणि दाब कमी पडला, की कोणती झाडे आधी सुकतात हे तुमच्या भावाला विचारा. टोकाची. (मज्जातंतू नळी नव्हे असे सांगून मी नळीचेच उदाहरण दिले, हे मला कळते, पण येथे मुद्दा पोकळीचा नसून अंतराचा आहे.) शरीरात साखर दीर्घकाळ चढी राहिली की हानी सगळ्याच चेतापेशींची होते, परंतु सर्वांत लांब पेशी सर्वांत आधी हार खातात आणि त्याही टोकाकडून. म्हणूनच मुंग्या दोन्ही पायांत एकदम, बोटांपासून सुरू होतात आणि मोजा वर ओढत न्यावा तशा घोट्याकडे सरकतात. त्या गुडघ्याच्या आसपास पोहोचतात तेव्हा बहुधा हाताच्या बोटांची पाळी येते, कारण मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर साधारण तेवढेच भरते. तुमच्या आईचे लक्षण या चालीत चपखल बसते. एकाच पायाला, कमरेतून खाली येणारी कळ असती, तर मी मणक्यातील दाबाचा विचार आधी केला असता.

साखर नेमके काय करते? स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागते, चेतापेशीत मात्र ती इन्सुलिनवाचूनच शिरते; त्यामुळे रक्तात ती जितकी जास्त, तितकी चेतापेशीतही साठते, तिचे सॉर्बिटॉलसारख्या पदार्थांत रूपांतर होते आणि पेशीचे आतले कामकाज बिघडते. दुसरे असे की मज्जातंतूलाही स्वतःचे पोषण लागते आणि ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. मधुमेहात त्या वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन तेथला रक्तपुरवठा घटतो. काकूंच्या 'नसा बंद पडल्या' या म्हणण्यात सत्याचा अंश आहे तो एवढाच; मात्र या वाहिन्या कोणत्याही मालिशने मोकळ्या होण्यासारख्या नसतात.

मग पेशी मरणाला लागली असताना पाय बधिर होण्याआधी त्याची आग का होते, हा प्रश्न तुमच्या आईने नक्की विचारला असेल. त्यासाठी निरोप कसा जातो ते पाहावे लागते. चेतापेशीच्या आवरणात पंप बसवलेले असतात. ते प्रत्येक खेपेला सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे 2 आत घेतात. या आणि आवरणातील इतर वाटांमुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. म्हणजे ती धनुष्य ताणून बसलेली असते. स्पर्श झाला की तेथील दारे उघडतात, सोडियम आत घुसतो, एका मिलिसेकंदापुरती आतली बाजू धन होते, त्यामुळे शेजारची दारे उघडतात, आणि लवंगी फटाक्यांच्या माळेसारखा हा आवेग पुढे सरकत जातो. फरक इतकाच की येथील प्रत्येक फटाका क्षणार्धात पुन्हा भरला जातो. एकेक आवेग कधी लहान-मोठा नसतो. जोराने दाबले तर आवेग मोठा होत नाही, त्यांची संख्या वाढते.

आजारी तंतूच्या टोकाला हीच यंत्रणा ढिली पडते. दारे वेळी-अवेळी उघडतात आणि कोणी स्पर्श केलेला नसतानाही आवेग सुटतात. मेंदूला आवेग कोठून सुटला एवढेच कळते, का सुटला ते कळत नाही. म्हणून तळव्याच्या उष्णता-वेदनेच्या तंतूतून आलेला प्रत्येक निरोप तो 'तळवा भाजतो आहे' असाच वाचतो. रात्री इतर संवेदनांची वर्दळ थांबलेली असते, तेव्हा हे खोटे निरोप अधिक जाणवतात. पुढे तंतूचे टोक वाळून गेले की खोटे निरोप थांबतात, आणि खरेही थांबतात. येथे एक इशारा देतो: औषधावाचून आग आपोआप कमी झाली, तर तो गुण आला असे समजू नका, पाय बधिर होत चालला असण्याचीही शक्यता असते.

सगळे तंतू सारखे नसतात. जाड तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते, ते श्वान पेशी गुंडाळतात (श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव, कुत्र्याशी त्याचा संबंध नाही). वेष्टनात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि आवेग एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी मारत जातो, म्हणून सर्वांत जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला 100 मीटरच्याही पुढे जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला सुमारे 1 मीटर एवढाच असतो. ठेच लागते तेव्हा बोट आपटल्याचे आधी कळते आणि खोल कळ क्षणभराने येते, ती यामुळेच. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाय कोठे पडला याची जाणीव नेतात. बारीक तंतू वेदना आणि उष्णता. आईची आग बारीक तंतूंची आहे आणि चप्पल निसटणे जाड तंतूंचे, म्हणजे दोन्ही प्रकारांना धक्का लागलेला दिसतो. तपासणीत डॉक्टर 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर टेकवतील आणि 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला लावून पाहतील. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि दुखत नाही. मज्जातंतूंच्या वेगाची महागडी चाचणी प्रत्येकाला लागतेच असे नाही. ती जाड तंतूंचीच परीक्षा घेते, त्यामुळे केवळ बारीक तंतू बिघडलेले असताना तिचा अहवाल अगदी ठीक येऊ शकतो.

भावाचे बी-12 बद्दलचे म्हणणे टाकाऊ नाही. मायलिन राखण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते, ते शाकाहारात दूध-दह्यावाचून फारसे मिळत नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास त्याचे शोषण घटते. आई शाकाहारी असतील आणि हीच गोळी घेत असतील, तर कमतरता असण्याला दोन कारणे झाली. परंतु आधी रक्त तपासा आणि मग इंजेक्शन घ्या. एकदा इंजेक्शन टोचले की रक्तातील पातळी वर जाते आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे पुढे सांगता येत नाही. त्याच रक्तात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, थायरॉइडची आणि मूत्रपिंडाचीही तपासणी करून घ्यावी. आई मशेरी लावत असतील, तर ती सोडवण्यासाठी आतापासूनच मागे लागावे, कारण तंबाखू रक्तवाहिन्या आकसवते आणि पायाला तेवढेही रक्त मिळू देत नाही.

फवारणीचा प्रश्न थोडक्यात. एका पेशीचा अक्षतंतू दुसऱ्या पेशीला चिकटलेला नसतो. मध्ये साधारणतः मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते, त्या जागेला संपर्कस्थान म्हणतात. तेथे विजेचा निरोप रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो. स्नायूंपाशी हे रसायन ॲसिटिलकोलीन असते, आणि काम झाल्याबरोबर एक विकर (एन्झाइम) ते मोडून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके याच विकराला निकामी करतात, त्यामुळे निरोप थांबायचा थांबत नाही: डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू फडफडतात. ही विषबाधा काही तासांत दिसते. तिच्या तीव्र झटक्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडल्याची उदाहरणे काही विशिष्ट कीटकनाशकांबाबत आहेत, पण आईला असा झटका कधी आलेला नसेल, तर आजच्या मुंग्यांचे खापर बागेवर फोडण्यास मला आधार दिसत नाही. भाऊ आजही फवारत असेल, तर त्याने मास्क आणि हातमोजे वापरावेत, एवढे मात्र त्याला माझ्या नावाने सांगा.

आता उपचारांचे. साखर आटोक्यात ठेवल्याने पुढची हानी मंदावते, हे सर्वांत महत्त्वाचे; गेलेले तंतू परत येतीलच असे वचन कोणी देत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. पेशीकाय जिवंत असेल तर तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढू शकतो, परंतु ते जखमेने तुटलेल्या तंतूचे माप आहे; साखरेने ग्रासलेल्या पेशीची वाढ याहून संथ आणि बेभरवशाची असते. आगीसाठी डॉक्टर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादे औषध देतील. ती खोटे निरोप शांत करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत, आणि त्यांनी सुस्ती येऊ शकते. म्हणून ती स्वतःच्या मनाने चालू किंवा बंद करू नयेत.

मिठाचे गरम पाणी आजपासून बंद करा. पाणी किती गरम आहे हे सांगणारे तंतूच आजारी आहेत; ज्या पाण्याने तुमचा हात मागे येईल, त्यात आई पाय तसाच ठेवून बसतील, आणि फोड आल्याचे सकाळी कळेल. शेकाची पिशवी आणि विटेचा शेक यांनाही हेच लागू आहे. मालिशच्या शिबिराला जाऊ नये. घरी हलक्या हाताने तेल लावल्याने त्वचा भेगाळत नाही, तेवढा त्याचा उपयोग आहे. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल लावू नये, तेथे ओल राहून बुरशी धरते. कुरूप घरी ब्लेडने कापू नये. रोज रात्री उजेडात बसून दोन्ही तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, आणि चप्पल-बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. आतला एक खडा दिवसभर टोचत राहिला आणि कळला नाही, म्हणून झालेल्या जखमेपायी बोट गमवावे लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

काही लक्षणे दिसली तर मात्र माझ्या पत्राची वाट पाहू नका. काही दिवसांतच पायांतील ताकद जाऊ लागली आणि तो अशक्तपणा वर चढू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. 2025 च्या आरंभी पुण्यात ज्याचे रुग्ण वाढले होते, त्या जीबीएसमध्ये (गिलेन-बारे सिंड्रोम या आजारात) असे घडते, कारण तेथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच बहुधा मायलिनवर हल्ला करते. अचानक एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा लुळा पडला, लघवी अडली, पायाला काळपट रंग आला किंवा जखम आठवडाभरात भरली नाही, तरीही उशीर करू नये.

राहिली फेरी. तळव्याची तपासणी आधी होऊ द्या. धाग्याचा स्पर्श आईला जाणवत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यांनी आधी वापरून सैल झालेले बंद बूट आणि सुती मोजे घालून, दिवसाउजेडी, सोबत कोणी असताना, त्यांना झेपेल तेवढाच टप्पा चालावा आणि दर तासाला बसून पाय पाहावेत. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. धाग्याचा स्पर्श जाणवत नसेल, तर चालणे नकोच. त्र्यंबकेश्वरापर्यंत गाडीने जावे आणि फेरी आईच्या वतीने तुम्ही किंवा भावाने करावी, नवसात अशी अदलाबदल घरोघरी चालत आलेली आहे. चपला काढाव्या लागतील तेथील फरशी उन्हाने तापलेली नाही ना, हे आधी तुमचा स्वतःचा पाय ठेवून पाहा.